फर्लर अर्ध्यात अडकतोय? ड्रम उघडायच्या आधी लफमधली वायर बघा

दोरी ओढली, ड्रम फिरला, शिडाचा खालचा भाग तीन-चार वेढे मस्त गुंडाळला गेला आणि वरचा भाग मात्र तसाच फडफडतोय, मग अजून जोर लावला की खाली आवळून घट्ट आणि वर वाऱ्याने भरलेलं पोट तसंच. पुढच्या खेपेला परत तेच. ड्रम उघडून साफ केला, छर्रे बदलले, स्प्रे मारला, थोडे दिवस बरं चाललं आणि परत तेच. ज्यांच्या बोटीला जिबचा फर्लर, म्हणजे पुढचं तिकोनी शीड गुंडाळायची यंत्रणा, आहे आणि हे वारंवार होतंय त्यांनी हे नीट वाचा, कारण माझ्या बघण्यात बहुतेक वेळा दोष ड्रमचा नसतोच, दोष असतो शिडाच्या पुढच्या कडेत, म्हणजे लफमध्ये, घातलेल्या वायरचा नाहीतर दोराचा.

आपल्याकडे कोल्हापुरात कसं होतंय, बोट मुंबईहून नाहीतर गोव्याहून सेकंडहँड येते, लफमधली मूळ वायर गंजलेली असते, ती काढून इथं लक्ष्मीपुरीत नाहीतर उद्यमनगरात जे मिळेल ते घालतात, जाडी जुळली, ताकद जुळली म्हणजे झालं असं वाटतं. उद्यमनगरात पाहिजे ते बनवून मिळतं हे खरंच आहे, पण काय मागायचं ते आपल्याला माहीत पाहिजे. फर्लरला नुसती ओढ सहन करायची ताकद पुरत नाही, तिथं पीळ खालून वरपर्यंत पोचवायची ताकद लागते आणि ती दुकानातल्या बंडलावर कुठं लिहिलेली नसते.

आमच्या ग्रुपची बोट एंटरप्राइज आहे, जॅक होल्टने १९५६ साली डिझाइन केलेली ४.०४ मीटरची दोन माणसांची डिंगी, म्हणजे छोटी शिडाची बोट. खाली लिहिलेलं सगळं या साइजच्या बोटीला धरून आहे, मोठ्या बोटीचं शेवटी वेगळं सांगतो कारण तिथं गणितच बदलतं.

आता नेमकं होतंय काय ते बघू. डिंगीच्या फर्लरमध्ये खाली ड्रम, वर फिरकी म्हणजे स्विव्हल, आणि मधे फक्त शीड. ॲल्युमिनियमची पट्टी-बिट्टी काही नाही. तुम्ही दोरी ओढता तेव्हा ड्रम फक्त शिडाचा खालचा कोपरा फिरवतो. वरचा कोपरा फिरायचा असेल तर तो पीळ लफमधून चार-साडेचार मीटर वर चढला पाहिजे, आणि तो चढवणारी गोष्ट एकच, लफमधली वायर. वायर पिळाला कडक असेल तर खाली एक वेढा म्हणजे वर जवळजवळ एक वेढा. वायर पिळाला मऊ असेल तर ओला टॉवेल पिळल्यासारखं होतं, एक टोक फिरत राहतं आणि दुसरं जागेवर, मधला सगळा पीळ वायरच खाऊन टाकते. कापड तेवढं वायरभोवती खालच्या खाली गोळा होतं.

दुसरी गोष्ट ताण. लफ सरळ रेषेत असेल तरच ती स्वतःभोवती फिरते. वाऱ्याने तिला बाक आला की फिरताना तो अख्खा बाक वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ढकलावा लागतो आणि परत इकडं आणावा लागतो, प्रत्येक वेढ्याला. याचं साधं गणित आहे: वाऱ्याचा एकूण जोर गुणिले लांबी, भागिले आठ पट ताण. समजा ४ मीटरच्या लफवर आडवा २० किलोचा जोर येतोय आणि लफमध्ये ताण १०० किलोचा आहे, तर मधे बाक येतो १० सेंटीमीटरचा. ताण २०० किलो केला की तोच बाक ५ सेंटीमीटर. म्हणजे ताण दुप्पट, बाक निम्मा. म्हणून कधी कधी वायर एक नंबर असते पण हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, ढिला असल्यामुळे फर्लर चालत नाही, आणि माणूस वायरला दोष देतो. पीळ आणि ताण ही दोन्ही कारणं वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत.

ओळखायची पद्धत सांगतो, पाण्यावर जायची गरज नाही. बोट ट्रेलरवर असू दे, मास्ट म्हणजे डोलकाठी उभी करा, वारा पडलेला असताना जिब चढवा आणि नेहमीएवढाच ताण द्या. लफवर तीन ठिकाणी रंगीत टेप लावा, खाली ड्रमजवळ, मधे, आणि वर फिरकीच्या खाली, तिन्ही टेपची शेपटं एकाच दिशेला करा. आता दोरी न ओढता ड्रम हाताने सावकाश एक पूर्ण वेढा फिरवा आणि वर बघा. वरचं शेपूट पाव वेढ्याच्या आत मागं राहिलं तर वायर चांगली आहे. अर्ध्या वेढ्यापेक्षा जास्त मागं राहिलं, किंवा हललंच नाही, तर दोन शक्यता उरतात आणि त्यातली कुठली हे ओळखायला एक जण स्टूलवर चढवा नाहीतर मास्ट खाली घेऊन करा: फिरकी हाताने फिरवून बघा, ताण असताना. बिनताणाची फिरकी प्रत्येकच फिरते, खराब फिरकी ताण आल्यावर जाम होते, हा फरक लक्षात ठेवा. फिरकी मोकळी आणि तरी शेपूट मागं, म्हणजे वायर पीळ खातीय. फिरकी जाम असेल तर अजून एक खूण दिसते, वरचा हॅलियार्डच पिळायला लागतो आणि मास्टजवळ दोन दोर एकमेकात अडकल्यासारखे दिसतात.

मास्ट उभा करायला जागा नसेल तर शेडमध्येच दोन खांबांमध्ये लफ आडवी बांधा, एका टोकाला ड्रम, दुसऱ्या टोकाला फिरकी आणि टर्नबकल म्हणजे ताण द्यायचा आट्यांचा स्क्रू, ताण द्या आणि तीच टेस्ट करा. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि वजनकाटा अडकवला तर ताण नेमका किती दिला तेही कळतं. मला हीच टेस्ट जास्त आवडते कारण वारा, उंची, कुणी ओढतंय कसं, सगळी भानगड बाजूला राहते.

आता वायर. आपल्या भागात वायर रोप म्हटलं की दुकानदार पहिला काढून दाखवणार तो ६×१९ नाहीतर ६×३७, मधे काथ्याचा नाहीतर सुताचा गाभा, वर काळं ग्रीस. साखर कारखान्यात ऊस उतरवायच्या क्रेनला, चेनपुलीला हाच लागतो आणि त्या कामाला तो उत्तमच आहे. आकड्याचा अर्थ असा: पहिला आकडा म्हणजे किती पेड, दुसरा म्हणजे एका पेडात किती तारा. जेवढ्या जास्त आणि बारीक तारा तेवढी वायर लवचिक, पुलीवरनं छान वळते. पण आपल्याला लफमध्ये वळायचंच नाहीये. तिथं लवचिकपणा हाच दोष, कारण जी वायर सहज वाकते ती सहज पिळतेही. शिवाय काथ्याचा गाभा दाबला जातो, ग्रीस शिडाला लागतं, आणि गॅल्वनाइज्ड तार देवगड-मालवणच्या खाऱ्या हवेत टिकत नाही.

मग लोक म्हणतात स्टेनलेस घेऊ, आणि दुकानात स्टेनलेसमध्ये सहज मिळते ती ७×१९ किंवा ७×७. चकचकीत दिसते, हातात मऊ लागते, घ्यावीशी वाटते. लफसाठी ७×१९ घेऊ नका. ती हॅलियार्डची वायर आहे, पुलीवरनं जाणारी. ७×७ त्यापेक्षा बरी, अगदीच अडलं तर चालेल, पण बरोबर वायर म्हणजे १×१९, एकाच पेडात एकोणीस जाड तारा, मधे एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. हातात घेतली की कळतं, वायर कमी आणि सळई जास्त वाटते. त्याच जाडीत तिच्यात स्टील जास्त मावतं म्हणून ताकदही जास्त: ४ एमएमची १×१९ साधारण दीड टनाला तुटते, तर ४ एमएमची ७×१९ साधारण ९०० किलोला. ताणल्यावर लांबतेही कमी. पण आपल्यासाठी ताकदीपेक्षा तिचा पिळातला कडकपणा महत्त्वाचा. वायर दुकानात मागताना "एक बाय एकोणीस, तीनशे सोळा" (तीनशे सोळा हा स्टेनलेसचा ग्रेड) एवढं स्पष्ट सांगा, नुसतं "एसएसची कडक वायर" सांगितलं तर काहीही हातात पडेल.

जाडीचं म्हणाल तर एंटरप्राइजएवढ्या बोटीला ३ एमएम पुरते. ओढीच्या ताकदीला ती भरपूर आहे, पण टेस्टमध्ये शेपूट अजून मागं राहत असेल आणि फिरकी चांगली असेल तर ४ एमएमला जा. भरीव सळईचा पिळातला कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ३ वरून ४ ला गेलं की तिपटीहून जास्त. वायर म्हणजे भरीव सळई नव्हे त्यामुळे नेमका तेवढा फरक मिळणार नाही, पण दिशा तीच आहे आणि फरक हाताला जाणवतो. वजन मीटरला सुमारे ४५ ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर जातं, चार-साडेचार मीटरच्या लफला ते काहीच नाही.

३०४ की ३१६ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात तेच वाचवतं. फक्त गोड्या पाण्यावर, धरणाच्या बॅकवॉटरला चालवणार असाल तर ३०४ चालते, पण फोंडा घाट उतरून एकदा जरी समुद्रात जाणार असाल तर ३१६ च घ्या. आणि लोहचुंबक लावून बघायची जी पद्धत आहे ती वायरला लावू नका. तार ओढून बारीक करताना स्टेनलेस थोडं चुंबकाला ओढायला लागतं, अस्सल वायरसुद्धा. बिलावर ग्रेड लिहून घ्या, टेस्ट सर्टिफिकेट मागा, एमआयडीसीत सर्टिफिकेट मागणं काही नवीन नाही.

एक जागा अशी आहे जिथं जाणकार दुकानदारसुद्धा चुकीची वायर देतो. तुम्ही सांगता पीळ न खाणारी पाहिजे, तो म्हणतो आहे की, नॉन-रोटेटिंग, आणि १९×७ काढून देतो. ती क्रेनची वायर. तिच्यात आतले पेड एका दिशेला आणि बाहेरचे उलट्या दिशेला वळलेले असतात, कशासाठी, तर हुकला लटकवलेलं वजन आपोआप गरगर फिरू नये म्हणून. म्हणजे वजनाने ती स्वतः फिरत नाही. पण तुम्ही तिला मुद्दाम एका टोकाने फिरवलं की एक थर आवळतो आणि दुसरा सुटतो, आणि तारा फुगून बाहेर येतात. आपलं काम नेमकं तेच, सतत एका टोकाने फिरवायचं. म्हणून ती नको.

वळाच्या दिशेवरून आठवलं, हे फार कमी लोक बघतात. १×१९ वायरच्याही बाहेरच्या तारा कुठल्यातरी एका दिशेला वळलेल्या असतात. एका बाजूला पीळ दिला की त्या आवळतात आणि वायर अजून कडक होते, दुसऱ्या बाजूला दिला की सैल होतात. फूटभर तुकडा घ्या, वरचं टोक व्हाइसमध्ये धरा, खालचं टोक पक्कडीत धरून दोन्ही बाजूला फिरवून बघा. डोळ्याला दिसतंय, एका बाजूला तारा गच्च बसतात आणि दुसऱ्या बाजूला मधे बारीक फटी दिसायला लागतात. शीड गुंडाळताना वायर आवळणाऱ्या बाजूला फिरली पाहिजे. त्यासाठी काही विकत घ्यायला नको, फर्लरची दोरी ड्रमवर उलट बाजूने भरायची, झालं. ज्यांची १×१९ असूनही वरचा भाग थोडा मागं राहतोय त्यांनी पैसे खर्च करायच्या आधी एवढं करून बघा.

टोकाचे डोळे, म्हणजे अडकवायचे फासे, कसे करायचे. ३ एमएमपर्यंत १×१९ ला स्टेनलेसचं थिंबल (डोळ्याच्या आत बसणारी खोबणीची कडी) घालून तांब्याच्या फेरूलने, म्हणजे वायरवर दाबून बसवायच्या नळीने, दाबलेला डोळा चालतो, डिंगीत मास्टला बाजूने धरणाऱ्या वायरींना तोच असतो. ॲल्युमिनियमची फेरूल खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला लागून खाऊन जाते, पांढरी पावडर दिसायला लागली की समजा आतून गेलं. यू-क्लॅम्प म्हणजे बुलडॉग क्लॅम्प इथं लावू नका, १×१९ च्या कडक तारांवर तो नीट बसत नाही, घसरतो, आणि त्याचे बोल्ट शीड फाडतात. आणि हायड्रॉलिक होज दाबणाऱ्याकडे फेरूल नेऊ नका, मशीन ताकदवान असलं तरी त्याची डाय होजची असते, फेरूल चपटी नाहीतर चिरलेली येते. फेरूलच्या साइजचीच डाय असलेला माणूस शोधा, वायर रोपचे स्लिंग बनवणारे असतात त्यांच्याकडं विचारा. दाबून झालं की वायर फेरूलमधून जिथं बाहेर येते तिथं मार्करची रेघ मारा आणि टर्नबकलला लावून २००-२५० किलोचा ताण देऊन रात्रभर ठेवा. सकाळी रेघ सरकली असेल तर ती फेरूल गेली, दुसरी दाबा.

दोर का नको, डायनिमा, म्हणजे फार ताकदवान कृत्रिम धाग्याचा दोर, एवढा भारी असताना? हा प्रश्न बरोबर आहे कारण डायनिमा खरंच भारी आहे. ४ एमएमचा बारा पेडी विणलेला डायनिमा दीड-दोन टनापर्यंत जातो, पाण्यावर तरंगतो, गंजत नाही, हात कापत नाही, आणि ताणल्यावर फार लांबत नाही. पण पिळाला तो शून्य. विणलेला पोकळ दोर एका टोकाने फिरवा, कितीतरी वेढे तो नुसता आत जिरवतो, दुसऱ्या टोकाला पत्ताच लागत नाही. जी माणसं लफमधली वायर काढून मोठ्या हौसेने डायनिमा घालतात त्यांचाच फर्लर दुसऱ्या दिवसापासून अडकायला लागतो आणि त्यांना पटत नाही, कारण त्यांनी तर महागातली वस्तू घातलेली असते. फर्लर नसलेल्या, नुसत्या चढवायच्या-उतरवायच्या जिबला डायनिमाची लफ खुशाल घाला, तिथं पिळाचा संबंधच नाही.

दोरातच पाहिजे असेल तर त्याला अँटी-टॉर्शन केबल नावाची वेगळी वस्तू असते. आत कमी लांबणारे धागे, त्यावर तिरप्या विणीचं घट्ट कडक आवरण, ते आवरण पीळ वाहून नेतं. शर्यतीच्या मोठ्या बोटी हलक्या वाऱ्याच्या शिडांना हीच वापरतात, कारण ते शीड गुंडाळून, उतरवून पिशवीत भरावं लागतं आणि वायर घडी होत नाही. पण ती ठरलेल्या लांबीची, टोकं बसवूनच मागवावी लागते, आपल्या गावात कापून मिळत नाही, आणि डिंगीच्या जिबला एवढा खर्च करायचं कारण मला दिसत नाही. डिंगीला १×१९ वायर. माझं मत ठाम आहे.

नायलॉन आणि तो निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर याबद्दल एकच सांगतो, लफमध्ये, हॅलियार्डला, फर्लरला, कुठंच नको. नायलॉन लांबतो, नांगराला त्याचा उपयोग. प्लॅस्टिकचा उन्हाने भुसा होतो.

आता फर्लरची दोरी, कारण ड्रम जाम होतो त्यातला बराचसा भाग हिच्यामुळं. माणसाला वाटतं हाताला जाड बरी म्हणून ८ एमएम घेतो, ती ड्रममध्ये मावत नाही, शेवटचे वेढे कडेवर चढतात आणि ड्रम आणि त्याच्याभोवतीच्या पिंजऱ्याच्या मधे अडकतात. किती वेढे लागणार ते आधी मोजा. जिबची खालची कड समजा २ मीटर, गुंडाळी सरासरी ६ सेंटीमीटर जाड, म्हणजे एका वेढ्याला सुमारे १९ सेंटीमीटर कापड जातं, झाले दहा-अकरा वेढे. शिवाय शीटचे दोर, म्हणजे शीड ओढायचे-सोडायचे दोर, शिडाभोवती तीन वेढे बसायला पाहिजेत. आणि शीड पूर्ण गुंडाळल्यावरसुद्धा ड्रमवर दोन वेढे शिल्लक राहायला पाहिजेत. एकूण पंधरा-सोळा. ५ एमएमची दोरी तुमच्या ड्रमवर सोळा वेढे घालून बघा, कडेच्या आत बोटभर जागा राहिली पाहिजे. मावत नसेल तर पॉलिएस्टरची दुहेरी विणीची ६ एमएम घ्या आणि ड्रमवर बसणाऱ्या भागातला आतला गाभा ओढून काढून टाका, नुसतं आवरण ठेवा. ड्रमवर ती चपटी बसते, जागा कमी घेते, आणि हातात येणारा भाग जाडच राहतो. जिथं गाभा संपतो तिथं आवरण दोऱ्याने शिवून घ्या नाहीतर गाभा आत सरकतो. इथं डायनिमाची गरज नाही, तो गुळगुळीत असल्यामुळं क्लीटमध्ये, म्हणजे दोर धरून ठेवणाऱ्या पकडीत, घसरतो.

दोरी ड्रमला काटकोनात आली पाहिजे आणि ड्रमच्या बरोबर मध्याच्या उंचीला. पहिली पुली जरा वर-खाली असली की दोरी ड्रमच्या एकाच कडेला रचली जाते आणि ढीग कोसळला की वेढा वेढ्याखाली अडकतो. आणि शीड उघडताना शीट ओढून एकदम सोडून देऊ नका, फर्लरच्या दोरीला हाताने थोडी धर ठेवा, म्हणजे ती ड्रमवर गच्च बसते. ढिली भरलेली दोरी पुढच्या वेळी गुंडाळताना नक्की अडकणार. दोघांच्या बोटीत पुढच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा, "दादा, दोरी सोडू नको, सरकू दे" एवढंच.

हॅलियार्डकडे वळू. वर गणित दिलंय त्याप्रमाणं १५०-२०० किलोचा ताण पाहिजे आणि तो नुसत्या हाताने येत नाही. एंटरप्राइजला मास्टच्या बुडाशी मसल बॉक्स असतो, सहापट पुलीचा, हाताने २५-३० किलो ओढलं की घर्षण जाऊनही बऱ्यापैकी ताण मिळतो. नसेल तर दोन छोट्या पुल्या लावून करून घ्या. हॅलियार्ड ७×१९ वायरचा ठेवा नाहीतर ४ एमएम डायनिमाचा, दोन्ही चालतात, इथं डायनिमाला माझी पूर्ण पसंती. पण वायर काढून डायनिमा घालत असाल तर मास्टच्या वरच्या पुलीत बोट घालून बघा, वायरने खोबणीला धार पाडलेली असते आणि ती धार डायनिमाला बघता बघता कापते. पुली बदला नाहीतर लेथवर खोबण गोल करून घ्या. डायनिमाला गाठ मारू नका, घसरते आणि ताकदही निम्म्याच्या आसपास येते. स्प्लाइस करा, म्हणजे टोक त्याच दोराच्या पोटात ओवा, आत घातलेलं टोक दोराच्या जाडीच्या ७२ पट तरी पाहिजे, म्हणजे ४ एमएमला जवळजवळ २९ सेंटीमीटर. नवीन असताना विणीतला ढिलेपणा निघून थोडा लांबतो, तेव्हा पहिल्या दिवशी ताण दोन-तीनदा परत द्या आणि मगच फर्लर तपासा.

अजून एक भानगड फक्त डिंगीत होते. जिबच्या वायरला ताण दिला की वेगळा जो फोरस्टे, म्हणजे मास्टला पुढून धरणारी वायर, असतो तो ढिला पडतो, कारण सगळा भार जिबच्या लफने घेतला. तो ढिला फोरस्टे हेलकावत शिडाच्या वरच्या भागाला लागतो आणि गुंडाळताना शिडासोबत आत जातो, आणि सगळं जाम. खालून बघताना वाटतं फिरकी अडकली. फोरस्टेला खाली इलॅस्टिकची दोरी लावून ढिलेपणा ओढून घ्या आणि फर्लर त्याच्यापासून चार बोटं तरी मागं ठेवा.

मोठ्या बोटीचं थोडक्यात. ज्यांच्या फर्लरला लफभर ॲल्युमिनियमची पट्टी आहे तिथं पीळ ती पट्टी नेते, आतली वायर फक्त मास्ट धरते. तिथं आतली वायर बदलायची वेळ आली तर परत १×१९ च, त्याच जाडीची. डायनिमा आत घालू नका, पट्टीच्या जोडांवर तो घासून जातो आणि बाहेरून दिसत नाही. तिथं गुंडाळताना अडकलं तर आधी वर बघा, हॅलियार्ड फोरस्टेभोवती वेढला गेलाय का. हॅलियार्ड आणि फोरस्टे यांच्यात दहा अंशाच्या आसपास कोन पाहिजे, अगदी समांतर असतील तर फिरकी हॅलियार्डलाच सोबत फिरवते. अशा वेळी विंचवर घेऊन जोर अजिबात लावायचा नाही, फोरस्टेच्या तारा उलट्या पिळून तुटतात आणि मास्ट खाली येतो. उलट फिरवून मोकळं करा, शीड उतरवा, मग कारण शोधा.

समुद्रातून आल्यावर घाट चढून घरी पोचलात की त्याच दिवशी ड्रम, फिरकी आणि दोन्ही फेरूल गोड्या पाण्याने धुवा, फिरकी फिरवत फिरवत. उघड्या प्लॅस्टिकच्या छर्ऱ्यांमध्ये ग्रीस भरू नका, वाळू धरून ठेवतं. जिब ठेवताना वायरचा वेटोळा मोठा ठेवा, ट्रेलरच्या टायरएवढा तरी, कारण १×१९ ला एकदा मोड पडला की तो सरळ होत नाही आणि प्रत्येक वेढ्याला तिथंच अडकतं. मृगाच्या आधी बोट शेडमध्ये घालताना वायरवरून टोकापासून टोकापर्यंत सुती फडकं फिरवा. कुठं धागा अडकला तर तिथं तार तुटलीय, वायर बदला, ती एकच तार तुटलीय म्हणून ठेवू नका. फेरूलच्या तोंडाशी तांबूस रेघ दिसली तरी तेच.

आणि नवीन १×१९ घातली, दिशा बरोबर, ताण बरोबर, फोरस्टे बाजूला, दोरी बारीक, आणि तरी टेपचं वरचं शेपूट मागं राहतंय असं झालं तर राहिली फक्त फिरकी. ती १५० किलोच्या ताणावर दोन बोटांनी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर दुरुस्त करत बसू नका, नवीन घ्या, आणि घेताना ती आतून छर्ऱ्यांची आहे का ते बघून घ्या, नुसती पिनेवर फिरणारी साधी फिरकी या कामाला चालत नाही.